फॉर्म तपासूनही दुबार नोंदी का पडतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात टॉवेल-चादरी बनवणाऱ्या एका कारखान्याची वेबसाइट आहे आणि तिच्यावर दोन फॉर्म आहेत. एकात गावोगावचे दुकानदार नाव, मोबाइल, जीएसटी क्रमांक आणि पिनकोड देऊन नोंदणी करतात. दुसऱ्यात आपला दुकानदार-कोड आणि डिझाइन नंबर टाकून ऑर्डर देतात. मागे सर्व्हरवर पीएचपी ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस आहे. मोबाइल आधी नोंदलेला आहे का, हे ब्राउझरमध्ये चालणारं जावास्क्रिप्ट सर्व्हरला विचारतं. सबमिट झाल्यावर पीएचपीही सिलेक्ट (डेटाबेसमधून वाचायची आज्ञा) करून पुन्हा पाहतं आणि मगच इन्सर्ट (नवी ओळ लिहिणं) होतो. एवढं करूनही एकच दुकानदार दोनदा नोंदला जातो, एखादी ऑर्डर दोनदा पडते, आणि उलट काही नव्या दुकानदारांना पहिल्याच वेळी 'ही नोंद आधीच आहे' असं उत्तर मिळतं. तर तपासणी जावास्क्रिप्टमध्ये ठेवावी की पीएचपीमध्ये?

दोन्हीकडे ठेवा. पण त्याने दुबार नोंदी कमी होतील, थांबणार नाहीत. आत्ता 'आहे का?' हे विचारणं आणि 'लिही' हे सांगणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांच्यामध्ये फट आहे. ती फट काही मिलिसेकंदांची असली तरी तिच्यातून दुसरी रिक्वेस्ट आत शिरते. तेव्हा कुठे तपासायचं यापेक्षा शेवटचा निकाल कोणी द्यायचा, हे आधी ठरवायला हवं. तो डेटाबेसनेच द्यायचा, आणि लिहिण्याच्या क्षणी द्यायचा. आधीच्या सगळ्या तपासण्या फॉर्म भरणाऱ्याच्या सोयीसाठी असतात. त्या हव्यातच, पण त्यांच्यावर विसंबून राहायचं नाही.

तपासण्या मुळात दोन जातींच्या असतात. मोबाइल दहा आकडी आहे का, पिनकोड सहा आकडी आहे का, नग एकपेक्षा कमी तर नाहीत ना, ही झाली घडणीची तपासणी. हिला डेटाबेस लागत नाही आणि हिचं उत्तर आज-उद्या बदलत नाही. दुसरी जात म्हणजे हा मोबाइल आधी कोणी नोंदवला आहे का, हा कोड चालू आहे का, या डिझाइनचा माल शिल्लक आहे का. यांचं उत्तर विचारलं त्या क्षणापुरतंच खरं असतं. पहिली जात प्रोग्रॅमच्या कोडमध्ये आनंदाने सोडवा. दुसरीचा निकाल कोडमध्ये लावायला गेलात की फसलात.

नेमकं काय होतं ते पाहा. दुकानदार मोबाइलवर 'नोंदणी करा' दाबतो, रेंज कमी असल्याने काही हलताना दिसत नाही, तो पुन्हा दाबतो. सर्व्हरवर दोन रिक्वेस्ट जवळजवळ एकदम येतात. पहिली विचारते, हा मोबाइल आहे का? नाही. दुसरीही विचारते. पहिलीचा इन्सर्ट अजून झालेला नाही, म्हणून तिलाही उत्तर मिळतं, नाही. मग दोघीही इन्सर्ट करतात. बटण एकदा दाबल्यावर निष्क्रिय करणं चांगलंच, पण दुकानदार आणि कारखान्याचा फिरता विक्रेता असे दोघे वेगवेगळ्या फोनवरून एकाच दुकानाची माहिती भरत असतील तर बटण काय करणार? 'मी सगळं ट्रान्झॅक्शनमध्ये घातलंय' (म्हणजे सगळं होईल नाहीतर काहीच होणार नाही अशा आज्ञांच्या गटात) यानेही हे सुटत नाही. इनोडीबी या मायएसक्यूएलच्या नेहमीच्या इंजिनात ट्रान्झॅक्शन एकमेकांपासून वेगळी ठेवायची मूळ पातळी रिपीटेबल रीड आहे. तिथला साधा सिलेक्ट कुलूप लावत नाही, तो त्या वेळचं चित्र वाचतो. दोन ट्रान्झॅक्शन एकाच वेळी 'नाही' असं वाचू शकतात आणि दोन्ही कमिट, म्हणजे पक्की, होऊ शकतात.

उपाय जुना आणि साधा आहे, युनिक इंडेक्स, म्हणजे कॉलममध्ये तीच किंमत दुसऱ्यांदा येऊ न देणारा डेटाबेसचा नियम. जी गोष्ट दुबार नको तिच्यावर तो लावा, थेट इन्सर्ट करा आणि डेटाबेसने नकार दिला तर तो नकार पकडून माणसाला कळेल अशा भाषेत दाखवा. मायएसक्यूएल अशा वेळी १०६२ ही एरर देतं. पोस्टग्रेसक्यूएल वापरत असाल तर २३५०५. पीएचपीत पीडीओ (डेटाबेसशी बोलायची सोय) वापरताना दोन गोष्टी सांभाळा. एक, एक्सेप्शनचा गेटकोड पाहिला तर मायएसक्यूएलसाठी २३००० मिळतो, आणि फॉरेन की (जोडलेली ओळ दुसऱ्या टेबलात असलीच पाहिजे हा नियम) मोडल्यावरही तोच मिळतो. नेमका १०६२ हवा असेल तर एररइन्फोतला दुसरा घटक पाहा. दोन, पीएचपी ८.० च्या आधी पीडीओ मुळात गप्प राहायचं. इन्सर्ट फसला तरी कोड पुढे चालत राहायचा आणि 'धन्यवाद, आपली नोंदणी झाली' छापून मोकळा व्हायचा. जुन्या होस्टिंगवर असाल तर एरर मोड स्वतः एक्सेप्शनवर ठेवा. मायएसक्यूएलआय या अशाच दुसऱ्या सोयीमध्ये हा बदल ८.१ पासून झाला.

इंडेक्सला अर्थ लागेल असं नाव द्या, मोबाइलचा वेगळा, जीएसटीचा वेगळा. एररमध्ये इंडेक्सचं नाव येतं आणि त्यावरून कोणत्या रकान्याखाली संदेश दाखवायचा ते ठरवता येतं. आधीचा सिलेक्टही काढून टाकू नका. डेटाबेस पहिल्या मोडलेल्या नियमावर थांबतो आणि एकच चूक सांगतो. मोबाइलही दुबार आणि जीएसटीही दुबार असेल तर माणसाला दोन फेऱ्या माराव्या लागतात. आधीची तपासणी सगळ्या चुका एकदम दाखवते. तिच्या हातून निसटलेलं इंडेक्स अडवतो.

एरर टाळायची म्हणून काहीजण 'इन्सर्ट इग्नोर' लिहितात. ते दुबार नोंदीबरोबर इतर कित्येक चुकाही गिळून त्यांचे नुसते इशारे करून टाकतं. 'रिप्लेस' तर जुनी ओळ पुसून नवी घालतं. तिच्याशी ऑर्डरी जोडलेल्या असतील आणि कॅस्केड (मूळ ओळीबरोबर जोडलेल्या ओळीही पुसणं) लावलेलं असेल तर त्याही जातील. 'ऑन डुप्लिकेट की अपडेट' ला, म्हणजे दुबार असेल तर जुनीच ओळ बदलण्याला, स्वतःचा उपयोग आहे, पण लॉगिनशिवाय उघड्या असलेल्या नोंदणी फॉर्मवर ते वापरलं तर कोणीही दुसऱ्याचा मोबाइल टाकून त्याचा पत्ता बदलू शकेल. इथे तिन्ही नकोत.

आता तुमच्यावर अवलंबून असलेला भाग. युनिक नेमकं काय ठेवायचं? हे मालकाला विचारून ठरवा, प्रोग्रॅमरने परस्पर ठरवू नये. एका घरातल्या दोन दुकानांना एकच मोबाइल असू शकतो. एका जीएसटी क्रमांकावर एकाच राज्यात दोन-तीन शाखा असू शकतात, कारण नोंदणीत व्यवसायाच्या जादा जागा दाखवता येतात. पंढरपूर आणि बार्शीच्या शाखांनी वेगळी ऑर्डर द्यायची असेल तर जीएसटीवर लावलेला युनिक इंडेक्स दुसऱ्या शाखेला दारातच अडवेल. अशा ठिकाणी दोन टेबलं करणं बरं. एक पेढीचं, त्यात जीएसटी युनिक. दुसरं शाखांचं, त्यात पेढीचा आयडी आणि शाखेचा मोबाइल यांची जोडी युनिक. एक दुकान, एक मोबाइल, एक जीएसटी असंच तुमच्याकडे असेल तर एकच टेबल पुरे. बंद पडलेलं दुकान पुन्हा सुरू झालं तर काय, हेही आत्ताच ठरवा. जुनी ओळ 'बंद' म्हणून टेबलात असेल तर इंडेक्स नवी ओळ घेणार नाही. जुनीच पुन्हा चालू करायची सोय ऑफिसच्या बाजूला ठेवा.

तुमची तिसरी तक्रार, नव्या दुकानदारालाच नकार, ही बहुतेक करून रिकाम्या रकान्याची आहे. लहान दुकानदारांपैकी अनेकांकडे जीएसटी क्रमांक नसतो, ते रकाना कोरा सोडतात. फॉर्ममधून कोरा रकाना येतो तो रिकामी स्ट्रिंग म्हणून. असा पहिला दुकानदार नोंदला जातो. दुसऱ्याच्या वेळी तुमचा सिलेक्ट 'रिकाम्या स्ट्रिंगइतकाच जीएसटी असलेलं कोणी आहे का' असं विचारतो आणि पहिला सापडतो. युनिक इंडेक्स लावलात तरी तोही हेच करेल. कोरा रकाना साठवण्याआधी नल ('किंमतच नाही' अशी खूण) करा आणि नल असेल तर जीएसटीचा सिलेक्ट चालवूच नका. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसक्यूएल दोन्हींच्या युनिक इंडेक्समध्ये कितीही नल चालतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये एकच चालतो, तिथे अट घातलेला इंडेक्स लागतो. नलची ही सवलत उलटतेही. दोन कॉलमांच्या जोडीवर युनिक लावला आणि त्यातला एक नल असला तर ती ओळ दुबारीच्या नियमातून सुटते. म्हणून जोडीतले कॉलम 'नॉट नल' ठेवा.

इंडेक्स लावल्यावरही दुबार नोंदी दिसल्या तर समजा की डोळ्यांना एक दिसणाऱ्या गोष्टी डेटाबेसला वेगळ्या दिसत आहेत. इथे सर्वांत जास्त वेळ घाला.

मोबाइलपासून सुरुवात करा. कोणी सुरुवातीला शून्य लावतं, कोणी अधिक एक्याण्णव, कोणी पाच आकड्यांनंतर जागा सोडतं. मराठी कीबोर्ड चालू असेल तर आकडे देवनागरीत येतात. गंमत अशी की आकडा ओळखणारा तोच रेग्युलर एक्स्प्रेशनचा (मजकुराचा साचा तपासायच्या नमुन्याचा) वर्ग जावास्क्रिप्टमध्ये फक्त इंग्रजी आकडे मानतो, पायथॉन ३ मध्ये देवनागरीही मानतो, आणि पीएचपीत यू हा मॉडिफायर लावलात तर मानतो, नाही लावलात तर नाही. म्हणजे ब्राउझर ज्याला नाही म्हणेल त्याला सर्व्हर हो म्हणू शकतो, आणि एकाच माणसाचा नंबर दोन लिप्यांत दोनदा साठतो. म्हणून आधी देवनागरी आकडे इंग्रजीत बदला, मग आकडे सोडून बाकी सगळं काढा, मग बारा आकडी असून ९१ ने सुरू होत असेल तर ते दोन आणि अकरा आकडी असून शून्याने सुरू होत असेल तर तो एक कापा. उरलेले बरोबर दहा आणि पहिला ६ ते ९ मधला असेल तरच पुढे जा. कॉलम स्ट्रिंगचा ठेवा, पूर्णांकाचा नको. दुकानदाराच्या कोडालाही हेच लागू आहे. ००४१७ हा कोड पूर्णांक कॉलममध्ये ४१७ होऊन बसतो. फॉर्ममध्ये 'नंबर' प्रकारचा इनपुट वापरू नका, 'टेल' वापरा.

जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरी. पहिली दोन राज्याचा कोड, पुढची दहा पॅन, तेरावं त्याच पॅनवर त्या राज्यातली कितवी नोंदणी ते, चौदावं सर्वसाधारण करदात्यांसाठी झेड, पंधरावं तपासणीचं अक्षर. महाराष्ट्राचा कोड २७ आहे म्हणून सुरुवात २७ नेच व्हावी अशी अट घालू नका. सोलापूरचा माल सीमेपलीकडे विजयपूर, कलबुर्गीला जातो आणि तिथले क्रमांक २९ ने सुरू होतात, तेलंगणातले ३६ ने. तिसऱ्या ते सातव्या जागी इंग्रजी अक्षरं, आठव्या ते अकराव्या जागी आकडे, बाराव्या जागी पुन्हा इंग्रजी अक्षर. इंग्रजी ओ आणि शून्य यांची अदलाबदल इथेच पकडता येते, कारण जागेवरूनच कळतं तिथे काय हवं ते.

पंधरावं अक्षर तपासायची रीत अशी. आकड्याची किंमत तो आकडा, ए म्हणजे १०, तिथून झेड म्हणजे ३५. पहिल्या चौदा अक्षरांच्या किमतींना डावीकडून क्रमाने १, २, १, २ असं गुणा. प्रत्येक गुणाकाराला ३६ ने भागून भागाकार आणि बाकी यांची बेरीज घ्या. या चौदा बेरजांच्या एकूण बेरजेला ३६ ने भागून उरलेली बाकी ३६ मधून वजा करा (३६ आले तर शून्य धरा). त्या किमतीचं अक्षर पंधराव्या जागी असलं पाहिजे. टायपिंगची एकेरी चूक याने बहुतेक सापडते. क्रमांक चालू आहे की रद्द झालाय हे मात्र कळत नाही, ते जीएसटी पोर्टलवरच पाहावं लागतं. साठवताना सगळं कॅपिटल करा आणि मधल्या जागा काढा. मायएसक्यूएलची नेहमीची कोलेशनं (मजकुराची तुलना करायचे नियम) लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांत फरक करत नाहीत, पोस्टग्रेसक्यूएल करतं. शेवटी राहिलेल्या रिकाम्या जागेचंही तसंच. मायएसक्यूएलची जुनी कोलेशनं तुलना करताना ती सोडून देतात, आवृत्ती ८ मधली, नावात ०९०० असलेली सोडत नाहीत. असल्या फरकांच्या भरवशावर राहण्यापेक्षा आपणच साफ करून साठवावं.

नावाच्या बाबतीत सैल राहा. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारे दुकानदार आहेत. एकच आडनाव इंग्रजीत तीन प्रकारे लिहिलं जातं, तेव्हा नावावर युनिक नको. 'फक्त अक्षरं चालतील' ही अट तर देवनागरीत हमखास फसते. युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांना संगणकात क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) हिशेबात काना, मात्रा, वेलांटी ही अक्षरं नसून चिन्हं आहेत, त्यामुळे अक्षरांचा वर्ग एकटाच ठेवला तर 'पाटील' नापास होतो. चिन्हांचा वर्गही सोबत घ्या. त्यात 'कुऱ्हाडे' सारखं आडनाव आलं की आणखी एक पेच. त्यातला ऱ्ह एका कीबोर्डवर ऱ या स्वतंत्र वर्णाने तयार होतो, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर यांनी. दिसायला सारखे, बाइट वेगळे. युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करायची रीत) र आणि नुक्ता (खालचा ठिपका) यांचा ऱ करून देतं, पण जॉइनरवाला प्रकार तसाच सोडतं. नावावरून शोध द्यायचा असेल तर शोधासाठी वेगळा कॉलम ठेवून त्यात हे प्रकार एकसारखे करा. दुकानदाराने लिहिलेलं नाव मूळ कॉलममध्ये जसंच्या तसं राहू द्या. लांबी मोजताना पीएचपीचं साधं स्ट्रलेन वापरू नका. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचं असतं, पन्नासची मर्यादा सोळा चिन्हांतच संपते. एमबी वालं फंक्शन घ्या.

डेटाबेसचा स्ट्रिक्ट मोड चालू आहे ना तेही बघा. मायएसक्यूएल ५.७ पासून तो मुळात चालू असतो, पण स्वस्त होस्टिंगवर बंद केलेला आढळतो. बंद असला की कॉलमपेक्षा लांब मजकूर गुपचूप कापून साठवला जातो आणि दोन वेगळे क्रमांक कापल्यावर सारखे होऊ शकतात. चेक कन्स्ट्रेंटचं (कॉलमच्या किमतीवर डेटाबेसमध्येच घातलेल्या अटीचं) ही असंच, मायएसक्यूएल ८.०.१६ च्या आधी ते लिहिता यायचे पण पाळले जात नव्हते.

पिनकोडसाठी टपाल खात्याची यादी टेबलात भरून घ्या आणि तिच्याशी ताडा. एका पिनकोडाखाली अनेक गावं येतात, म्हणून पिनकोड भरल्यावर गावांची यादी दाखवून निवडायला सांगा. '४१३ ने सुरू होतो म्हणजे सोलापूर जिल्हा' हा शॉर्टकट कित्येक फॉर्ममध्ये असतो आणि तो चूक आहे. ४१३००१ सोलापूर, ४१३३०४ पंढरपूर हे खरं, पण लातूर ४१३५१२, धाराशिव ४१३५०१ आणि बारामती ४१३१०२ हेही ४१३ नेच सुरू होतात. जिल्हा नावाने साठवू नका, आयडीने साठवा. उस्मानाबादचं धाराशिव झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, नावाने साठवणाऱ्यांच्या अहवालात एका जिल्ह्याचे दोन दिसतात.

ऑर्डरच्या फॉर्मचा नियम थोडा वेगळा. नोंदणीत 'हे आधी नसावं' असं पाहायचं होतं, इथे 'हे असावं' असं पाहायचं आहे. त्यासाठी फॉरेन की. ऑर्डरमधला कोड दुकानदारांच्या टेबलात नसेल तर मायएसक्यूएल १४५२ देऊन नाकारतं. पण आधी दोन्ही टेबलांचं इंजिन, म्हणजे डेटाबेस ते टेबल कोणत्या पद्धतीने साठवतो, ते पाहा. जुन्या साइटवरून आणलेली टेबलं पुष्कळदा मायआयसॅम असतात. ते फॉरेन की लिहू देतं आणि पाळत नाही, तक्रारही करत नाही. इनोडीबी करून घ्या. फॉरेन की फक्त 'आहे' एवढंच सांगते, 'चालू आहे' हे सांगत नाही. ते हवं तर इन्सर्ट आणि सिलेक्ट एकाच वाक्यात जोडा, म्हणजे दुकानदारांच्या टेबलातून 'हा कोड आणि चालू' असलेली ओळ निवडून तिच्यावरूनच ऑर्डरची ओळ भरा. किती ओळी पडल्या ते मोजा. शून्य आल्या तर कोड बंद आहे.

लॉगिन ठेवलं असेल तर कोड फॉर्ममधून घेऊच नका, सेशनमधून (सर्व्हरने ठेवलेल्या लॉगिनच्या नोंदीतून) घ्या. छुप्या रकान्यातला कोड बदलून दुसऱ्याच्या नावावर ऑर्डर टाकणं दोन मिनिटांचं काम आहे. दराचंही तसंच. ब्राउझरने पाठवलेला दर दाखवण्यापुरता, बिलासाठी दर टेबलातूनच उचला. आणि क्वेरी सगळ्या प्रिपेअर्ड स्टेटमेंटने, म्हणजे आज्ञा आणि तिच्यातली माहिती वेगवेगळी पाठवून. टेबलाचं किंवा कॉलमचं नाव तशा रीतीने बांधता येत नाही, ते बाहेरून येत असेल तर ठरलेल्या यादीशी ताडून घ्या.

शिल्लक मालाची तपासणी ही सर्वांत फसवी. लग्नसराईत टॉवेल-टोपीच्या आहेराची मागणी वाढली की एकाच डिझाइनवर चार दुकानदार एकदम तुटून पडतात. आधी शिल्लक वाचायची, पीएचपीत वजाबाकी करायची आणि उत्तर परत लिहायचं, असं करू नका. एकाच अपडेटमध्ये 'शिल्लकेतून ६० वजा कर' आणि त्याच्याच व्हेअरमध्ये (अटीच्या भागात) 'जर शिल्लक किमान ६० असेल' असं लिहा. बदललेल्या ओळी एक आली तर माल मिळाला, शून्य आली तर नाही. त्याआधी नग एक किंवा जास्त आहेत याची खात्री हवीच, नाहीतर उणे पाच नगांची ऑर्डर तुमचा साठा पाचने वाढवते. एककही पक्कं करा. टॉवेल डझनावर विकले जातात, साठा कुठे नगांत असतो. टेबलात सगळीकडे नग ठेवा आणि बाराने गुणणं सर्व्हरवर एकाच ठिकाणी करा.

ऑर्डरमध्ये अनेक डिझाइन असतील तर ऑर्डरची मुख्य ओळ, तपशिलाच्या ओळी आणि साठ्याचे अपडेट हे सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये. अपडेट नेहमी डिझाइन नंबरच्या चढत्या क्रमाने करा. एकाने आधी ११ मग २४ आणि दुसऱ्याने आधी २४ मग ११ धरलं की दोघेही एकमेकांसाठी अडून बसतात. मग मायएसक्यूएल एकाला १२१३ देऊन बाहेर काढतं आणि त्याचं पूर्ण ट्रान्झॅक्शन मागे घेतं. ते पहिल्यापासून दोन-तीनदा पुन्हा चालवा. १२०५ आली, म्हणजे कुलपाची वाट पाहून वेळ संपली (मूळ सेटिंग ५० सेकंद), तर मात्र फक्त तेवढं वाक्य रद्द होतं. रोलबॅक, म्हणजे बाकीचं मागे घेणं, तुम्हालाच करावा लागतो.

दुबार ऑर्डरसाठी मोबाइलसारखा नैसर्गिक युनिक कॉलम नाही. तोच दुकानदार तेच डिझाइन दुपारी पुन्हा खरंच मागवू शकतो. म्हणून फॉर्म दाखवताना सर्व्हरवर एक यादृच्छिक टोकन (त्या फॉर्मची ओळख पटवणारा, अंदाज न येणारा मजकूर) तयार करून छुप्या रकान्यात ठेवा, ऑर्डरबरोबर साठवा आणि त्याच्यावर युनिक इंडेक्स लावा. पुन्हा दाबलं तर टोकन तेच येईल आणि १०६२ मिळेल. हा दुकानदाराला चूक म्हणून दाखवू नका, त्याच्या दृष्टीने ऑर्डर गेलेली आहे. टोकनवरून आधीची ऑर्डर शोधून तिचाच नंबर दाखवा. यशानंतर पान रीडायरेक्ट करा, म्हणजे रिफ्रेश दाबल्यावर फॉर्म पुन्हा जाणार नाही. फसलेला इन्सर्टही ऑटो इन्क्रिमेंटचा (आपोआप वाढणाऱ्या आयडीचा) एक आकडा खातो, त्यामुळे ऑर्डरच्या आयडीत खाडे पडतील. ते निरुपद्रवी आहेत, पण तोच आयडी बिलाचा नंबर म्हणून वापरू नका. जीएसटीच्या बिलाला सलग अनुक्रमांक लागतो, आर्थिक वर्षात न दुहेरणारा आणि सोळा अक्षरांपर्यंतचा. तो बिल बनतानाच वेगळ्या टेबलातून द्या.

टाइप करताना होणारी तपासणी रकाना सोडल्यावर करा, प्रत्येक अक्षराला नको. आधीची रिक्वेस्ट रद्द करा, नाहीतर जुन्या आकड्याचं उत्तर उशिरा येऊन नव्याखाली चिकटतं. सगळ्या कोडांची यादी ब्राउझरला पाठवून तिथे जुळवणं हा प्रकार कुठे असेल तर लगेच काढा, पानाचा सोर्स उघडणाऱ्या कोणालाही तुमचे गिऱ्हाईक आयते मिळतात. 'हा मोबाइल नोंदलेला आहे' हे सांगणंही एक प्रकारे माहिती फोडणं आहे. एका आयपीवरून मिनिटाला किती वेळा विचारता येईल याला मर्यादा घाला. उघड्या फॉर्मवर त्याहून बरं म्हणजे आधी ओटीपी घ्या आणि नोंद आहे-नाही ते नंतर सांगा.

आहे त्या टेबलावर हे बसवताना घाई करू नका. दुबार ओळी असताना युनिक इंडेक्स लागणारच नाही. आधी बॅकअप. मग साफ केलेल्या मोबाइलचा नवा कॉलम जोडून भरा, त्याच्यावर गट पाडून एकाहून जास्त ओळी असलेले काढा. कोणती ओळ ठेवायची हे ऑफिसमधल्या माणसाकडून ठरवून घ्या. 'सर्वांत जुनी ठेवा' हा नियम सोपा असला तरी चालू पत्ता पुष्कळदा नव्या ओळीत असतो. जाणाऱ्या ओळीच्या ऑर्डरी राहणाऱ्या ओळीकडे वळवा, मग ती पुसा, मग इंडेक्स. या दरम्यान नोंदणीचा फॉर्म बंद ठेवा, नाहीतर साफसफाई चालू असतानाच नव्या दुबार ओळी येतील.

शेवटी चाचणी. टेस्ट सर्व्हरवर पीएचपीतल्या सिलेक्ट आणि इन्सर्ट यांच्यामध्ये पाच सेकंदांचा स्लीप (मुद्दाम थांबायची आज्ञा) टाका आणि दोन ठिकाणांहून एकच मोबाइल सबमिट करा. इंडेक्स नसताना दोन ओळी पडतील, असताना एकाला 'हा मोबाइल आधी नोंदला आहे' असं दिसलं पाहिजे. दोन ठिकाणं म्हणजे एकाच ब्राउझरचे दोन टॅब नव्हेत. पीएचपीचं फाइलवालं सेशन चालू असताना कुलूप धरून ठेवतं, दुसरा टॅब पहिला संपेपर्यंत थांबतो आणि इंडेक्स नसतानाही सगळं ठीक असल्याचा भास होतो. एक कॉम्प्युटर आणि एक मोबाइल घ्या, आणि साइटवर चढवण्याआधी तो स्लीप काढा.